एकशेवीस तासांचे पाहुणे

शिबिर आलं हे गावाला बॅनरवरून कळतं. पोरं अजून वाटेत असतात, स्वयंपाकाची भांडी कुणाच्या तरी पिकअपमध्ये अडकलेली असतात, सर फोनवर असतात. पण जिल्हा परिषदेच्या शाळेच्या फाटकाला बॅनर लागलेला असतो. ‘राष्ट्रीय सेवा योजना, विशेष हिवाळी शिबिर’. खाली प्राचार्यांचा फोटो, त्याहून मोठा संस्थाध्यक्षांचा, आणि वरच्या कोपऱ्यात गांधीजी, चष्म्यावरून ओळखता येतील एवढे. गावाचं नावही असतं. एकदा ते ‘चिंचवाडा’ असं छापून आलं. बॅनर परत पाठवायला वेळ नव्हता, म्हणून चौथीतल्या एका पोराला खांद्यावर घेऊन, माझ्याच दुकानातल्या काळ्या मार्करने ‘वा’चा ‘पा’ करून घेतला. त्या शिबिरात गावात झालेलं पहिलं काम ते, आणि ते गावातल्या पोराने केलं. त्याचा फोटो कुणी काढला नाही.

माझं चिंचपाड्याला किराणा दुकान आहे. नंदुरबार जिल्हा, नवापूर तालुका. जवळून सुरत-भुसावळ रेल्वे जाते, जवळूनच सुरत-धुळे महामार्ग. मिशनचा जुना ख्रिस्ती दवाखाना आहे, बाजार आहे आणि चहूकडे पाडे आहेत. भात झोडून झाला आणि तूर अजून शेतात उभी आहे असे दिवस आले, की कुठल्या ना कुठल्या कॉलेजचं शिबिर आसपासच्या एखाद्या पाड्यावर उतरतं आणि सात दिवस माझ्या दुकानाला नवी गिऱ्हाइकं लाभतात. त्यामुळे सेवा या विषयावर मी जे बोलतो ते गल्ल्यावर बसून पाहिलेलं आहे. त्याला ग्रंथांचा आधार कमी, उधारीच्या वहीचा जास्त.

नवा स्वयंसेवक त्याच्या खरेदीवरून ओळखता येतो. पहिल्या दिवशी तो कुरकुरे, थंडा आणि मोबाइलची वायर मागतो. दुसऱ्या दिवशी बामची डबी आणि चिकटपट्टी. तिसऱ्या दिवशी हळू आवाजात विचारतो, “काका, हातमोजे आहेत का?” हातमोजे नसतात. मग चौथ्या दिवसापासून तो शेंगदाणे आणि गूळ घ्यायला लागतो, पायात कॉलेजचे बूट जाऊन स्लिपर आलेली असते, आणि बाकावर बसून दोन इकडच्यातिकडच्या गोष्टी करतो. सहाव्या दिवशी संध्याकाळी शॅम्पूच्या पुड्यांची माळच्या माळ संपते, कारण सातव्या दिवशी समारोपाला प्राचार्य येणार असतात. मालाची मागणी कुठे आली आहे यावरून, शिबिर न बघता, मी शिबिराचा वार सांगू शकतो.

“एनएसएस का घेतलंस रे भाऊ?” हा माझा प्रत्येकाला ठरलेला प्रश्न. फॉर्मवर सगळ्यांनी ‘समाजसेवेची आवड’ लिहिलेलं असतं. पण माझ्या दुकानात फॉर्म नाही, तेव्हा खरं सांगतात. कुणाला दहा मार्क हवे असतात. वरच्या वर्गातल्या दादाने सांगितलेलं असतं की दोन वर्षं पुरी केली की निकालात दहा मार्क मिळतात आणि बुडणारा विषय तरंगतो. कुणाची एनसीसीत उंची कमी भरलेली असते. कुणाचं नाव सरांनीच घातलेलं असतं, कारण एका युनिटला शंभर डोकी लागतात आणि सर शहाण्णववर अडकलेले असतात. एकजण तर दुसऱ्याचा फॉर्म भरायला मोबाइल घेऊन बसला होता. पोर्टलवर नंबर स्वतःचा टाकला, ओटीपी स्वतःला आला आणि स्वयंसेवकही स्वतःच झाला. पण मला आजवर पटलेलं सर्वांत चांगलं उत्तर एका मुलीचं. ती म्हणाली, “काका, घरून सात दिवस बाहेर राहायची परवानगी दुसऱ्या कशाला मिळते सांगा.” मी तिला शेंगदाण्याची चिक्की फुकट दिली. हे मी सहसा करत नाही.

सात दिवस फार होतात, अशी कुरकूर ऐकली की मी चिंतामणराव देशमुखांचं नाव काढतो. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, नंतर देशाचे अर्थमंत्री, आपल्याच रायगडकडचा माणूस. विद्यार्थ्यांनी पदवीआधी देशाची सेवा केली पाहिजे, असं पंडित नेहरूंच्या मनात फार होतं. त्यासाठी १९५९ साली देशमुखांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने सांगितलं, सेवा सक्तीची करा आणि नऊ महिने ते एक वर्ष करा. हिशेबी माणूस, सात दिवस वगैरे त्यांना परवडण्यासारखंच नव्हतं. पुढे सरकारला खर्चाचा आकडा दिसला असावा. सक्ती मागे पडली. सैयदैन नावाच्या शिक्षणतज्ज्ञांनी देशोदेशींच्या युवक सेवांचा अभ्यास करून सांगितलं की हे ऐच्छिकच असू द्या. कोठारी आयोगाने आपलं मत दिलं. असं करत करत गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी सदतीस विद्यापीठांत सुमारे चाळीस हजार विद्यार्थी घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. देशमुखांचे नऊ महिने वाटेत झिजत झिजत वर्षाला एकशेवीस तासांवर आले. दोन वर्षांचे दोनशेचाळीस. चोवीसने भागा: दहा दिवस. हे सांगितलं की कुरकुरणारं पोर क्षणभर गप्प बसतं आणि मग विचारतं, “पण काका, बसमधला वेळ धरतात का?”

हा तासांचा हिशेब ही या योजनेतली सर्वांत रसाळ गोष्ट आहे. छातीवर जो बिल्ला असतो त्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक आहे. त्याला आठ आरे. आठ आरे म्हणजे आठ प्रहर, म्हणजे स्वयंसेवक चोवीस तास सेवेला तयार, असं सर पहिल्या दिवशीच्या भाषणात सांगतात. खिशातल्या डायरीत मात्र वेगळा कारभार. प्रभातफेरी: एक तास. वृक्षारोपण: दोन तास. कडुनिंबाचं वीतभर रोप खड्ड्यात ठेवायला मिनिट लागतं; उरलेला वेळ पाहुण्यांची वाट बघण्यात जातो, आणि तोही सेवेतच धरला जातो. खरं तर त्यात गैर काही नाही. आपल्याकडच्या सार्वजनिक सेवेचा मोठा भाग पाहुण्यांची वाट बघण्यातच गेलेला आहे.

शिबिराचं गाव मात्र वाट बघत नाही. आमच्याकडच्या पाड्यांना आता सराव झालाय. जगातलं असलं पहिलं शिबिर पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, फ्रान्समध्ये व्हेर्दूनजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात भरलं होतं. पिएर सेरेसोल नावाचा स्विस इंजिनिअर, त्याच्याबरोबर वेगवेगळ्या देशांची माणसं, त्यांत जर्मनसुद्धा. घरं बांधून देत होते, तरी विरोध झाला आणि काही महिन्यांतच त्यांना गाशा गुंडाळावा लागला. हेच सेरेसोल पुढे १९३४च्या भूकंपानंतर फावडी घेऊन बिहारला आले. तिकडे निभावलं. आपल्याकडे आलेल्या माणसाला ‘तू कशाला आलास’ असं विचारायची पद्धत नाही. ‘जेवलास का’ एवढंच विचारतात, आणि पुढच्या सगळ्या भानगडी त्यातूनच होतात.

पहिली भानगड सर्वेक्षणाची. नव्या स्वयंसेवकाच्या हातात चार पानी छापील फॉर्म देतात आणि त्याला कुडाच्या घरांकडे पाठवतात. त्याची मराठी जळगावची किंवा धुळ्याची, पुस्तकातली. पाड्यावर बोलतात मावची. दुभाषी म्हणून चौथीतली एक मुलगी लावून देतात. तिला चारही भाषा येतात, कारण बाजार गुजराती बोलतो आणि टीव्ही हिंदी. तिचे तास कुणी लिहीत नाही.

अशा एका सर्वेक्षणाला मी मिठाची गोण पोचवायला गेलेलो असताना साक्षी होतो. ओट्यावर एक आजी तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या. पोराने पेनचं टोपण काढलं.

“आजी, कुटुंबप्रमुखाचं नाव?”

“तुझं काय नाव?”

त्याने सांगितलं.

“गाव?”

सांगितलं.

“बाप काय करतो? शेती किती? विहिरीला पाणी आहे? मग हरभरा घेता की गहू? बहीण आहे? दिली का? कुठे दिली? जावई पितो का?”

पोरगा शहाणा, सगळ्यांची उत्तरं देत होता. मध्ये एकदा त्याने ‘आजी, शिक्षण?’ म्हणून पाहिलं. आजी म्हणाल्या, “तुझं किती?” त्याने एफ.वाय.बी.ए. सांगितलं. त्यावर आजींनी एफ.वाय. म्हणजे काय हे विचारलं, आणि ते समजावून सांगताना शिक्षणाचा रकाना कोराच राहिला. वार्षिक उत्पन्नाला आजींनी ‘पोटापुरतं’ असं उत्तर दिलं. फॉर्ममध्ये अ, ब, क, ड असे पर्याय होते. पोटापुरतं कशात बसतं ते त्याला उमगेना, मग त्याने चारही चौकोनांवरून पेन फिरवलं आणि पुढे गेला.

पुढचा प्रश्न नाजूक होता. “कोंबड्या किती?”

आजींच्या पायाजवळ, पाठीमागे, परड्यात आणि खाटेखाली मिळून पंधरा-वीस कोंबड्या सहज फिरत होत्या. आजी म्हणाल्या, “नाहीत.”

पोरगा कोंबड्यांकडे बघतो, आजींकडे बघतो, दुभाषीकडे बघतो. दुभाषी आकाशाकडे बघते. त्याला आजींचं खोटं बोलणं फार लागलं असावं. पण त्याला हे ठाऊक नाही की फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्या नवापुरात निघाला होता. तेव्हा पांढरे अंगरखे आणि तोंडावर मास्क घातलेली माणसं हातात कागद घेऊन आली, कोंबड्या मोजल्या आणि मोजलेल्या परत दिल्या नाहीत. लाखांनी मारल्या. ही पोरं तेव्हा पाळण्यात होती, नाहीतर तिथेही आलेली नव्हती. त्यामुळे पांढरा टी-शर्ट घालून, कागद घेऊन कुणी कोंबड्यांची चौकशी केली की आमच्या तालुक्यात कोंबड्या एकदम नाहीशा होतात. त्या दिवशी अख्ख्या पाड्यावर मिळून दोन कोंबड्या भरल्या. त्या दोन ज्याने सांगितल्या तो परगावचा जावई होता.

निघताना आजींनी पोराला शेंगांची ओंजळ दिली. फॉर्म अर्धा कोरा आणि खिसा भरलेला, असा तो परत गेला. आजींना मात्र त्याच्या घराचं सर्वेक्षण पूर्ण करता आलं होतं.

श्रमदानाबद्दल मी थोडक्यात सांगणार होतो, पण वनराई बंधाऱ्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिवाळ्यात नाल्याची धार बारीक झाली, की सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, त्या एकावर एक रचून पाणी अडवायचं, एवढं साधं काम. सामान: टिकाव, फावडी, घमेली आणि पन्नास जण. त्यांतल्या एका घमेल्याला वीस हात लागलेले असतात, कारण फोटो चाललेला असतो. हल्ली फोटो साधा चालत नाही. त्यावर अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ उमटलेली लागते, नाहीतर वरच्या कमिटीला सेवा झाल्याचं पटत नाही. तो पत्ता उमटायला नेटवर्क हवं. तोवर सगळ्यांनी घमेलं तसंच धरून उभं राहायचं. मी पाहिलेलं सर्वांत अवघड श्रमदान हेच.

त्यात आमचा मुलूख पडला सरहद्दीवरचा. नवापूरचं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. फलाटावर एक बाक असा, की मधली रेघ धरली तर शेजारी बसलेला माणूस परराज्यातला. अशा ठिकाणी मोबाइलला मनासारखं राज्य लागेल याचा भरवसा नाही. शिवेकडच्या एका पाड्यावर फोटो काढल्यावर खाली पत्ता उमटला तो गुजरातचा. सर घामाघूम. मंजुरी महाराष्ट्रातल्या शिबिराची आणि पुरावा गुजरातमधल्या सेवेचा! मग सगळे पन्नास जण, ते घमेलं घेऊन, महाराष्ट्र लागेपर्यंत नाल्याने वर वर चालत गेले. बंधारा खाली, फोटो वर. अहवालात तो बंधारा आता जिथे फोटो आहे तिथे आहे.

गोण्या भरायच्या कशा, हेही नव्या स्वयंसेवकाला ठाऊक नसतं. तो जीव तोडून गोण तोंडापर्यंत ठासून भरतो. तशी गोण गोल होते, गोल झाली की घरंगळते, आणि फटींतून पाणी जातं. ती पोटाशी थोडी ढिली ठेवायची, म्हणजे पसरून बसते. पाड्यावरचे बापे काठावर उकिडवे बसून हे बघत असतात. पाहुण्याच्या कामात चूक काढायची नाही, हा रिवाज. अंधार पडला, पोरं जेवायला गेली, की तेच बापे नाल्यात उतरतात, गोण्या सोडतात, थोड्या थोड्या रिकाम्या करतात, तोंड शिवून पुन्हा रचतात आणि वर मातीचा लेप देतात. सकाळी पोरं येऊन बघतात तर पाणी अडलेलं. “काका, रात्रीत बसला बंधारा!” असं मला येऊन सांगतात. बसला खरा.

दुपारी बौद्धिक असतं. व्याख्याते शहरातून येतात, विषय ‘युवकांपुढील आव्हाने’ असतो, आणि वरण-भात खाल्लेल्या युवकांपुढचं तेव्हाचं आव्हान एकच असतं. पुढे जाऊ.

संध्याकाळी पथनाट्य. विषय व्यसनमुक्ती नाहीतर स्वच्छता. आता इथे मला थोडं लांबण लावू द्या, कारण या दोन विषयांवर आमच्या भागाला शिकवायला येणाऱ्यांनी जरा जपून यावं असं माझं मत आहे. १९२२-२३ साली, आमच्या शिवेपलीकडच्या दक्षिण गुजरातमध्ये आदिवासींची एक मोठी चळवळ झाली. देवीची चळवळ. पालघरच्या किनाऱ्याकडून ती गावोगाव सरकत गेली. माणसांच्या अंगात देवी यायची आणि तिचे हुकूम सुटायचे: दारू सोडा, रोज आंघोळ करा, घरदार स्वच्छ ठेवा. डेव्हिड हार्डिमन या इतिहासकाराने तिच्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. पुढे १९३७-३८च्या सुमारास इकडे तळोद्याकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, गुलाम महाराजांनी हजारो आदिवासींना आरतीला जमवून हेच सांगितलं. म्हणजे एनएसएस जन्माला यायच्या तीस-पंचेचाळीस वर्षं आधी, निधी नाही, बिल्ला नाही, बॅनर तर नाहीच, आणि तरी इथे स्वच्छता आणि दारूबंदीचं शिबिर भरलेलं होतं.

आता त्याच मुलखात डिसेंबरच्या पहाटेला शाळेच्या मागच्या टाकीपाशी जाऊन बघा. आम्हाला स्वच्छतेचं महत्त्व सांगायला आलेली मंडळी टाकीतल्या पाण्यात एक बोट बुडवतात, ते बोट झटकतात आणि एकमेकांकडे बघून ठरवतात की आज आंघोळीची गोळी घ्यायची. डिओचा फवारा होतो. तेवढ्यात पाड्यावरची सत्तरीची म्हातारी माणसं नाल्यावरून ओल्या अंगाने, हुडहुडत, पण स्वच्छ होऊन परत येत असतात. दोन्ही बाजू एकमेकांना ‘राम राम’ करतात. नऊ वाजता पहिल्या बाजूची दुसऱ्या बाजूला स्वच्छतेची प्रभातफेरी निघते. घोषणा जोरात असतात, कारण ओरडल्याने थंडी कमी वाजते.

पथनाट्यातला दारुडा हे नव्या स्वयंसेवकाचं आवडतं काम. संवाद पाठ करावे लागत नाहीत. तो झोकांड्या खातो, हातात माझ्या दुकानातली रिकामी बाटली असते, बायको झालेली मुलगी हंबरडा फोडते, डफ वाजतो. एका खेपेला प्रयोग संपल्यावर पाड्यावरचे एक वयस्कर गृहस्थ उठले. मला ठाऊक होतं की त्यांनी सोडून जमाना झाला होता. ते शांतपणे त्या पोराजवळ गेले आणि म्हणाले, “बेटा, पाय असा पडत नाही.” मग त्यांनी स्वतः चालून दाखवलं. माणूस पिऊन आलेला असला की उलट फार सावध चालतो, पाऊल मोजून ठेवतो, भिंतीला हात लावत नाही, आणि बायकोसमोर आला की एकदम शहाण्यासारखं काहीतरी बोलतो. चार पावलांत सगळा पाडा गप्प झाला. एक बाई आधी हसल्या आणि मग पदर तोंडाला लावून आत गेल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या पाड्यावर प्रयोग होता. पोराने तेच चालून दाखवलं आणि पहिल्यांदाच नाटक संपल्यावर टाळ्या न पडता माणसं बोलायला लागली.

आता स्वयंपाक. शिबिराच्या वेळापत्रकात ‘भोजन व्यवस्था: गट क्र. ३’ असं लिहिलेलं असतं. गट क्रमांक तीन पहाटे उठतो, चूल पेटवतो, धुराने डोळे चोळतो, भात करतो. पिवळा असतो म्हणून त्याला खिचडी म्हणायचं. भाकरीपाशी मात्र गटाचं सगळं शिक्षण संपतं. कुणीतरी मोबाइलवर भाकरी थापायचा व्हिडिओ लावतं. व्हिडिओतली भाकरी फिरते, परातीतली चिकटते. हे दृश्य कुंपणाबाहेरून तीन-चार बाया बघत असतात. किती वेळ बघणार? मग त्या आत येतात, पोरींना बाजूला सारतात, ‘सर बाई, सर भाऊ’ करत परात ओढतात, आणि त्या वेळेपासून समारोपापर्यंत भोजन व्यवस्था गट क्रमांक तीनकडे फक्त कागदावर उरते.

मी बनिया वृत्तीचा माणूस. हिशेब केल्याशिवाय मला झोप येत नाही. एकदा सात दिवसांचं शिबिर उठल्यावर उधारीच्या वहीचं मागचं पान काढलं आणि गावाचे तास मांडले. भाकऱ्या टाकणाऱ्या बाया, सकाळ-संध्याकाळ. रात्री गोण्या पुन्हा रचणारे बापे. दुभाषी. टाकीत पाणी सोडणारा पोरगा. मुली झोपल्या त्या खोलीच्या दाराशी सात रात्री शेकोटी करून बसलेले दोन म्हातारे, ज्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तुरीच्या शेंगा, वालपापडी, भोपळे, टमाटे आणून ठेवणारे. ज्याच्या घरातून बल्बची वायर ओढली तो. बेरीज केली तेव्हा शिबिराच्या डायऱ्यांतल्या तासांपेक्षा गावाचे तास बरेच वर गेले. सरांना पान दाखवलं. सर भले माणूस. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, “हे अहवालात बसत नाही हो.” अहवालात त्यासाठी एक वाक्य आधीपासून असतं: ‘ग्रामस्थांचे मोलाचे सहकार्य लाभले.’

तरी पोरांवर मला टीका करायची नाही. सातव्या दिवशीचं पोर पहिल्या दिवशीच्या पोरापेक्षा मला केव्हाही बरं वाटतं. ते बिस्किटाचा कागद खिशात घालतं. पाड्यावरच्या चार घरांची नावं त्याला घेता येतात. भाकरी अजून येत नाही, पण पीठ कालवता येतं. आणि शिबिराला उशिरा आलेल्या एखाद्या नवख्याला ते सांगताना दिसतं, “अरे, गोण पूर्ण भरायची नाही, पसरली पाहिजे,” जणू त्याच्या सात पिढ्या नाल्यातच गेल्या.

समारोप असतो तो दुपारी. प्राचार्य येतात, शाल येते, श्रीफळ येतं. श्रीफळं माझ्याच दुकानातली असतात आणि फोडायची नसल्यामुळे मी ती जुनी देतो. भाषणं होतात. मग प्रमाणपत्रं. एकेकाचं नाव पुकारतात, पोर येतं, प्राचार्य प्रमाणपत्र धरतात, पोर धरतं, आणि अक्षांश-रेखांश उमटेपर्यंत दोघंही सोडत नाहीत.

त्या वर्षी हे चाललेलं असताना शेंगा सोलणाऱ्या आजी पुढच्या रांगेत होत्या. सात दिवस सकाळच्या भाकऱ्या त्यांच्या देखरेखीखाली झाल्या होत्या. शेवटचं नाव झालं, टाळ्या झाल्या, तशा त्या उठल्या आणि दुभाषीला घेऊन थेट टेबलापाशी गेल्या.

“सगळ्यांना कागद दिला. माझा कुठाय?”

सर गडबडले. प्राचार्य हसले आणि त्यांनी मान हलवली. सरांनी फायलीतून एक कोरं प्रमाणपत्र काढलं, पेन घेतलं. नाव विचारलं, ते आजींनी या खेपेला लगेच सांगितलं. पुढचा रकाना ‘वर्ग’. सरांचं पेन तिथे थांबलं.

आजींनी विचारलं, “काय लिहायचं राहिलं?”

दुभाषीने सांगितलं.

“चौथी नापास,” आजी म्हणाल्या. “पण तुमचे ते दहा मार्क मिळवा आणि पास लिहा.”